लाकूड फोडण्याच्या हायड्रॉलिक यंत्राची पाचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील वखारवाले, लग्नसराईतील आचारी आणि बांधावरची वाळलेली झाडे सरपणासाठी फोडणारे शेतकरी ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर चालणारे यंत्र बहुधा जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनच बनवून घेतात. सिलिंडर, व्हॉल्व्ह आणि होजपाइप तयार मिळतात, गर्डर वजनावर मिळतो, पण पाचरीपाशी, म्हणजे ओंडका ज्यावर दाबून फाकवला जातो त्या निमुळत्या पोलादी तुकड्यापाशी, काम अडते. पुढील उत्तरांत, वेगळे सांगितले नसेल तेथे, १०० मिमी बोअरचा (आतील व्यासाचा) आणि ६०० मिमी स्ट्रोकचा (दांडा बाहेर येण्याच्या अंतराचा) सिलिंडर आणि १७५ बार दाब गृहीत धरला आहे. त्यातून सुमारे १४ टनांचा जोर मिळतो.

तयार पाचर बाजारात मिळते का?

सुटी पाचर क्वचितच मिळते. शेती अवजारांच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात पाचर मागितली, तर घणाने ठोकण्याची लहान पाचर पुढे केली जाते, आणि ती या कामाची नाही. परदेशी बनावटीच्या यंत्रांचे सुटे भाग ऑनलाइन दिसतात, परंतु ती पाचर त्या यंत्राच्या गर्डरच्या मापाची असते; ती आपल्या गर्डरवर बसवण्यासाठी जेवढी कापाकापी करावी लागते, तेवढ्यात नवी तयार होते. शोध घेताना शंकूच्या आकाराचा, आटे असलेला स्क्रूही वारंवार समोर येतो. ते फिरत्या तत्त्वावरचे निराळे साधन आहे आणि ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) लावल्यास त्यात कपडे किंवा हातमोजे गुंडाळले जाऊन गंभीर अपघात होतात. स्वस्त दिसते म्हणून त्याकडे वळू नये.

सरळ मार्ग असा की, जळगाव किंवा धुळ्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रोफाइल कटिंग करून देणाऱ्याकडून जाड प्लेट मापाने कापून घ्यावी आणि बाकीचे काम आपल्या गावच्या वेल्डरकडून करून घ्यावे. प्लेट किलोवर मिळते. लांबी, रुंदी आणि जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करावा, त्यास ७.८५ ने गुणावे आणि दहा लाखांनी भागावे, म्हणजे वजन किलोत येते. २५० × २०० × २५ मिमीच्या प्लेटचे वजन पावणेदहा किलोच्या आसपास भरते. बाजूच्या पंखांसाठी (लाकूड आणखी फाकवणाऱ्या तिरक्या प्लेटांसाठी) आणि टेकूसाठी आणखी तेवढेच लोखंड धरून चालावे.

पाचरीसाठी कोणते पोलाद घ्यावे?

साधे माइल्ड स्टील, म्हणजे आयएस २०६२ प्रतीची प्लेट, पुरेसे आहे. हे उत्तर अनेकांना पटत नाही, कारण कुऱ्हाड, फाळ आणि छिन्नी कडक पोलादाची असते, मग पाचर मऊ कशी चालेल, असा प्रश्न मनात येतो. परंतु कुऱ्हाडीला धारेच्या बळावर आत शिरायचे असते, तर हायड्रॉलिक पाचरीमागे १४ टनांचा संथ रेटा असतो. लाकडात धार पहिले काही सेंटीमीटर शिरली की फट धारेच्या पुढे पळते आणि त्यानंतर लाकूड फाकवण्याचे काम पाचरीची अंगे करतात. धार बराच वेळ मोकळ्या फटीत असते. म्हणून धार बोथट होण्याने होणारे नुकसान फार थोडे असते, आणि पाचर मुळाशी तडकण्याने होणारे नुकसान फार मोठे.

माइल्ड स्टील नीट वेल्ड होते, वाकले तर सरळ करता येते आणि अतिरिक्त ताण आला तर तुटण्याआधी वाकून इशारा देते. यापेक्षा टिकाऊ धार हवीच असेल, तर धारेच्या दोन्ही बाजूंना हार्डफेसिंग रॉडचा (कठीण धातूचा थर चढवणाऱ्या वेल्डिंग रॉडचा) एकेक पातळ थर घालून तो ग्राइंडरने घासून घ्यावा. ईएन ८ हे मध्यम कार्बनचे पोलाद वापरण्यासही हरकत नाही, मात्र वेल्डिंगपूर्वी ते दीड-दोनशे अंशांपर्यंत तापवावे लागते आणि नंतर हळूहळू थंड होऊ द्यावे लागते. एवढी काळजी घेणारा वेल्डर नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

भंगारातील लोखंड चालेल का? ट्रकचा पाटा, रुळाचा तुकडा, जेसीबीचे ब्लेड?

प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे.

ट्रकचा कमानपाटा सर्वांत जास्त सुचवला जातो आणि या कामाला तो सर्वांत कमी योग्य आहे. त्यात कार्बन जास्त असल्याने वेल्डिंगच्या कडेची पट्टी थंड होताना ठिसूळ बनते. वरून वेल्ड सुबक दिसतो, आणि पहिला गाठीचा ओंडका आला की त्याच्या कडेने पाटा सरळ रेषेत तुटतो. शिवाय एका पाट्याची जाडी पुरत नाही, आणि दोन-तीन पाटे एकमेकांवर वेल्ड करून जाडी साधणे म्हणजे तडे जाण्याच्या जागा वाढवणे.

रुळाबाबत दोन अडचणी आहेत. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावाच्या परिसरात रुळाचा तुकडा मिळवून देणारा कोणीतरी भेटतोच, परंतु रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणे हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. रेल्वेच्या लिलावातून रीतसर घेतलेल्या मालाची पावती नसेल, तर तो तुकडा घरात आणू नये. दुसरी अडचण धातूची आहे: रुळाच्या पोलादात साधारण ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो, त्यामुळे कमानपाट्याबद्दल जे म्हटले तेच येथेही लागू पडते.

जेसीबीच्या बकेटचे किंवा ग्रेडरचे झिजलेले ब्लेड त्यातल्या त्यात बरे. ते जाड आणि सपाट असते आणि लो हायड्रोजन (कमी हायड्रोजन सोडणाऱ्या) वेल्डिंग रॉडने, थोडे तापवून, वेल्ड करता येते. तरीही त्याचा उपयोग केवळ धारेच्या पट्टीसाठी करावा. मूळ अंग माइल्ड स्टीलचेच ठेवावे. पलटी नांगराचा फाळ पातळ आणि एका अंगाचा असल्याने ओंडका बाजूला ढकलतो. जुनी कुऱ्हाड गर्डरवर वेल्ड करण्याचा प्रकारही आढळतो; तिच्या उंचीत वीतभर जाडीचा ओंडकासुद्धा पूर्ण फुटत नाही.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कोणत्याही रूपात वापरू नये. ते वाकत नाही, फुटून उडते.

भंगारातील तुकडा कोणत्या पोलादाचा आहे, हे ओळखायचे कसे?

ग्राइंडरवर टेकवून ठिणग्या पाहाव्यात, शक्यतो सावलीत. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, पिवळसर आणि जवळपास न फुटणाऱ्या रेषांसारख्या निघतात. कार्बन जास्त असेल, तर त्या चाकाजवळच फुटून त्यांना चांदण्यांसारखे दाट फाटे येतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लालसर असतात. शेजारी माहीत असलेल्या माइल्ड स्टीलचा तुकडा धरून तुलना केली, तर सहसा गोंधळ होत नाही.

पाचरीचा कोन किती ठेवावा?

पूर्ण कोन, म्हणजे दोन्ही उतारांमधील कोन, धारेपाशी २० अंशांच्या आसपास ठेवावा आणि मागे पंख लावून तो ३० ते ३५ अंशांपर्यंत वाढवावा.

यामागचा हिशेब समजून घेतला तर पुढील बरेच प्रश्न पडत नाहीत. लाकूड आणि पोलाद यांच्यातील घर्षणाचा गुणांक ०.३ धरू. लाकडाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एक टन रेटा द्यायचा असेल, तर २० अंशांच्या पाचरीला मागून सुमारे ०.९४ टन जोर लागतो, ३० अंशांच्या पाचरीला १.१ टन आणि ४५ अंशांच्या पाचरीला १.३२ टन. म्हणजे कोन २० वरून ४५ अंशांवर नेला, की त्याच कामाला सुमारे ४० टक्के जास्त जोर लागतो. त्याच सूत्रातून असेही दिसते की, अरुंद पाचरीत निम्म्याहून अधिक जोर घर्षणावर खर्च होतो. अंगे घासून गुळगुळीत केली आणि गुणांक ०.२ पर्यंत उतरला, तर ०.९४ टनांच्या जागी ०.७४ टन पुरतात. गॅस कटिंगच्या खाचा आणि वेल्डिंगचे थेंब तसेच सोडून दिलेली पाचर अशा रीतीने सिलिंडरचा बराचसा जोर खाऊन टाकते. तेथे ग्राइंडर फिरवण्यात गेलेला तास मोठा सिलिंडर घेण्यापेक्षा स्वस्त पडतो.

मग कोन आणखी अरुंद का करू नये? कारण फार निमुळती पाचर ओंडक्यात शिरते खरी, पण त्याला पुरेसे फाकवत नाही. बाभळीसारख्या धाग्यांनी गुंतलेल्या लाकडात ती तशीच रुतून बसते. म्हणून पुढे अरुंद आणि मागे रुंद, अशी दोन उतारांची पाचर सर्वांत सोयीची ठरते.

नेमकी मापे काय द्यावीत?

जाडी २५ मिमी, उंची २५० मिमी आणि गर्डरच्या दिशेने लांबी २०० मिमी. २५ मिमी जाडीच्या प्लेटला २० अंशांची धार काढायची असेल, तर टोकापासून मागे ७१ मिमीवर दोन्ही बाजूंना रेघ मारावी आणि तेथून मध्यरेषेपर्यंत उतार काढावा. ३० अंश हवे असतील, तर ही रेघ ४७ मिमीवर येते. उतार गॅसने अंदाजे काढू देण्यापेक्षा शेपर (धातू रंधणारे यंत्र) असलेल्या वर्कशॉपमधून काढून घ्यावा. दोन्ही बाजूंचे उतार सारखे नसले, तर ओंडका दर वेळी एकाच बाजूला वळतो आणि रॅमवर, म्हणजे ओंडका ढकलणाऱ्या सिलिंडरच्या दांड्यावर, आडवा ताण येतो.

पंखांसाठी १२ मिमीची प्लेट पुरते. धारेचा उतार जेथे संपतो तेथून सुरू करून पुढच्या १०० मिमी लांबीत प्रत्येक बाजूला ३० मिमी बाहेर येतील असे ते लावावेत, म्हणजे पाचरीची मागील रुंदी ८५ मिमी होते. पंखांच्या आतील पोकळीत टेकू घालावेत. नाहीतर पंख आत दबतात.

लांबी वाचवण्याचा मोह टाळावा. ओंडक्याचा जोर गर्डरपासून १२५ मिमी उंचीवर येतो असे धरल्यास, २०० मिमी लांबीच्या पाचरीच्या मुळाशी साधारण १०० मेगापास्कलचा ताण येतो. लांबी १५० मिमी केल्यास तोच ताण १८० च्या वर जातो. माइल्ड स्टीलची ताणसीमा, म्हणजे ज्यापुढे ते कायमचे वाकते ती मर्यादा, २५० आहे. गाठीचा ओंडका मधोमध न फुटता वरच्या भागात अडकला, की जोर आणखी उंचावर येतो आणि उरलेली सवलत तेथेच संपते.

धार किती तीक्ष्ण असावी?

दीड-दोन मिमीचा सपाट कंगोरा ठेवावा. वस्तऱ्यासारखी धार पहिल्याच गाठीवर मुडपते.

धारेला पाणी द्यावे का?

माइल्ड स्टीलवर पाणी चढत नाही, म्हणजे तापवून बुडवले तरी ते कडक होत नाही, त्यामुळे लोहाराकडे नेऊन उपयोग नाही. ईएन ८ किंवा अन्य कार्बन पोलादाची धार असल्यास पाणी देता येते, पण त्यानंतर ती पुन्हा मंद तापवून तिचा ठिसूळपणा काढावा लागतो. हे नीट झाले नाही, तर ओंडका सोडवण्यासाठी घण मारताना धारेचा कपचा डोळ्यात उडण्याचा धोका असतो. इतके करून मिळणारा लाभ नगण्य आहे.

पाचर गर्डरच्या टोकाला वेल्ड करावी की रॅमवर बसवावी?

घरगुती बनावटीत गर्डरच्या टोकाला. रॅमवर पाचर बसवली की तिच्यावर येणारा प्रत्येक आडवा झटका सिलिंडरच्या दांड्याला आणि सीलला सोसावा लागतो. ते टाळण्यासाठी गर्डरच्या दोन्ही कडांना पकडून सरकणारी मजबूत घसरपट्टी लागते आणि तिची मापे तंतोतंत असावी लागतात. शिवाय मागे येणाऱ्या पाचरीसोबत अडकलेला ओंडकाही मागे येतो, म्हणून तो अडवणारे दोन खुंट लावावे लागतात. रॅमवर पाचर असण्याचा एकच खरा फायदा आहे: यंत्र उभे करून जड ओंडका जमिनीवरच फोडता येतो. चिंचेचे किंवा अंजनासारख्या कठीण लाकडाचे मोठे बुंधे रोज येत असतील, तर त्या खटाटोपाला अर्थ आहे.

पाचर कोठेही असली, तरी रॅम पूर्ण बाहेर आल्यावर धार आणि ढकलणारी प्लेट यांच्यात १० ते १५ मिमी जागा राहिलीच पाहिजे. सिलिंडर बसवण्याआधी हे मोजावे, नंतर नव्हे.

वेल्डिंग कसे करून घ्यावे?

या संपूर्ण कामात सर्वाधिक लक्ष येथे द्यावे. रॅम पाचरीला मागे रेटत असतो, म्हणून पाचरीचे मागील टोक गर्डरवर दाबले जाते आणि धारेखालचे पुढील टोक वर उचकटण्याचा प्रयत्न करते. पाचर निखळते ती नेहमी या पुढच्या टोकाकडून. असे असूनही वेल्डर दोन्ही बाजूंनी लांब शिरा (वेल्डच्या रेषा) मारतो आणि धारेखालचे इंचभर टोक अडचणीचे म्हणून मोकळे सोडतो. वेल्ड धारेच्या टोकाला वळसा घालून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला अखंड गेला पाहिजे, आणि त्या वळणावर शीर सुरू किंवा बंद करू नये.

पाचरीच्या तळाला दोन्ही बाजूंनी ४५ अंशांचा उतार काढून मध्ये तीनेक मिमी सपाट भाग ठेवावा, म्हणजे वेल्ड पूर्ण जाडीत उतरतो. नुसत्या कोपऱ्यात भरलेला वेल्ड २५ मिमी प्लेटला पुरत नाही. रॉड ७०१८ प्रतीचा, लो हायड्रोजन घ्यावा. आपल्याकडे बहुतेक दुकानांत गेट-खिडक्यांचे काम चालते आणि त्यासाठी ६०१३ रॉड हाताशी असतो. तोच येथे वापरला जाऊ नये, म्हणून ७०१८ चे पाकीट स्वतः नेऊन दिलेले बरे. पावसाळ्यात उघडे राहिलेले रॉड दमट होतात आणि त्या ओलाव्यातील हायड्रोजनमुळे वेल्ड थंड झाल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, तडकतो. असे रॉड पाकिटावर दिलेल्या तापमानाला भाजून घ्यावेत. पहिली शीर ३.१५ मिमी रॉडने, पुढच्या ४ मिमीने, प्रत्येक शिरेनंतर मळी पूर्ण काढून आणि एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे अशी मारावी. एकाच बाजूने भरत गेल्यास पाचर त्या बाजूला कलते. दर दोन शिरांनंतर गुण्या लावून पाहावे.

गर्डरची वरची पट्टी पाचरीपेक्षा पातळ असते, म्हणून दोघांच्या मध्ये २० मिमी जाडीची, पाचरीपेक्षा दोन्हीकडे लांब अशी बैठकीची प्लेट घालावी. पाचरीमागे तिरका टेकू द्यावा. तो दाब गर्डरवर दूरवर पसरवतो.

सिलिंडर बसवलेला असताना वेल्डिंग करावे लागल्यास अर्थिंगचा चिमटा पाचरीजवळच लावावा. तो दुसऱ्या टोकाला लावला, तर करंट सिलिंडरच्या दांड्यातून जाऊन क्रोमवर बारीक खड्डे पडतात आणि त्यानंतर सील टिकत नाही.

आमच्याकडे २०० मिमीचा गर्डर पडून आहे. तो पुरेल का?

१४ टनांसाठी पुरेल. सिलिंडरची मध्यरेषा गर्डरच्या १२५ मिमी वर धरल्यास आयएसएमबी २०० च्या (२०० मिमी उंचीच्या, आय आकाराच्या गर्डरच्या) वरच्या पट्टीत वाकण्याचा सुमारे १४० आणि सरळ ओढीचा सुमारे ४० मेगापास्कल, असा एकूण १८० चा ताण येतो. १२५ मिमी बोअरचा सिलिंडर लावला, तर जोर सुमारे २२ टन होतो आणि हाच ताण २८० च्या पुढे जातो, म्हणजे गर्डर कायमचा वाकतो. मोठा सिलिंडर स्वस्तात मिळाला म्हणून लावणाऱ्यांनी गर्डरही बदलावा, किंवा दोन्ही बाजूंना उभ्या प्लेटा लावून तो पेटीसारखा बंद करून घ्यावा.

एका दाबात चार तुकडे करणारी पाचर बसवावी का?

मांडे भाजण्याच्या चुलीला किंवा हॉटेलच्या भट्टीला बारीक, एकसारख्या फाडी लागतात, म्हणून ही मागणी असते. सरळ रेषेच्या लाकडात, उदाहरणार्थ निलगिरीत, १४ टनांवर चार पात्यांची पाचर चालते. बाभूळ, चिंच आणि गाठीचा कडुनिंब यांच्यापुढे ती हमखास अडकते. अंजनाचे नाव येथे काढूच नये.

बसवायचीच असेल, तर आडवी पाती उभ्या धारेच्या ५० ते ७५ मिमी मागे ठेवावीत, म्हणजे आधी दोन फाकी होतात आणि नंतर त्यांचे चार तुकडे. संपूर्ण जोर एकाच क्षणी लागत नाही. ही पाती वेल्ड न करता उभ्या पाचरीवर वरून घालता येणाऱ्या खोळीच्या रूपात करावीत. अवघड ओंडका आला की खोळ काढून ठेवता येते. निलगिरी आणि बाभूळ ओली असतानाच फोडून घ्यावी. वाळल्यावर हीच लाकडे कितीतरी जास्त जोर मागतात.

पाचरीची धार सरळ उभी असावी की कलती?

उभी, किंवा वरचे टोक रॅमच्या दिशेने दोन-तीन अंश पुढे. अशाने ओंडका गर्डरवर दाबला जातो. उलट कल असल्यास तो पाचरीवर चढून वर उसळतो, म्हणून तसा कल कधीही ठेवू नये.

रॅम मध्येच थांबतो आणि तेल तापते. पाचर बदलावी का?

आधी वेळ मोजावा. मिनिटाला ३० लिटर देणाऱ्या पंपावर १०० मिमी बोअरचा सिलिंडर ६०० मिमीचा स्ट्रोक नऊ-दहा सेकंदांत पूर्ण करतो. ओंडका नसताना हा वेळ बरोबर येत असेल आणि ओंडका लागताच रॅम थांबत असेल, तर पंप ठीक आहे. तेल रिलीफ व्हॉल्व्हवरून (जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हवरून) परत जात आहे आणि तेथेच तापत आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास असताना ट्रॅक्टरच्या टाकीतील तेल आधीच गरम असते, त्यात ही भर पडली की ते पातळ होऊन जोर आणखी घटतो. अशा वेळी रिलीफचा स्क्रू आवळू नये. पाचरीची अंगे खरखरीत आहेत का, पंख फार लवकर सुरू होतात का, कोन ठरल्यापेक्षा जास्त झाला आहे का, हे पाहावे. बहुतेक वेळा ग्राइंडरनेच काम होते.

अडकलेला ओंडका कसा सोडवावा?

रॅम मागे घेऊन ओंडक्याच्या मागे लाकडाचा आखूड, सरळ कापलेला ठोकळा ठेवावा आणि त्यासह पुन्हा दाबावे. कमी पडणारा स्ट्रोक भरून निघतो आणि ओंडका पाचरीच्या पंखांपर्यंत पोचतो. लोखंडी तुकडा मध्ये घालू नये; तो निसटल्यास गोळीसारखा सुटतो. दाब चालू असताना ओंडक्याला हात लावू नये, आणि लिव्हर चालवणारा व ओंडका ठेवणारा माणूस एकच असावा.

पाचरीला तडा गेला आहे का, हे कसे तपासावे?

धारेखालचे टोक तारेच्या ब्रशने चकचकीत करावे. त्यावर कपड्याने रॉकेल किंवा डिझेल लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, नंतर ते कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल, तर आत शिरलेले तेल हळूहळू वर येऊन पांढऱ्या पुडीत केसाएवढी काळपट रेघ उमटवते. रेघ उमटल्यास वरून शीर मारून ती झाकू नये. तडा जेथे संपतो त्याच्या थोडे पुढपर्यंत ग्राइंडरने खोदून काढावे, पुन्हा हीच तपासणी करावी आणि रेघ उमटत नाही असे दिसल्यावरच नव्याने भरावे. लग्नसराई सुरू होण्यापूर्वी एकदा आणि गाठीच्या लाकडाची मोठी खेप फोडून झाल्यावर एकदा ही तपासणी करावी.

पाचरीला रंग लावावा का?

बैठकीला आणि टेकूंना लावावा. अंगांवरचा रंग दोन-चार ओंडक्यांत जातो. तेथे पावसाळ्यापूर्वी जळके तेल फासले तरी पुरते.